कमावलेली बैठक

प्रस्तावना

सुताराला त्याचे बाक असते, कुंभाराला त्याचे चाक असते. तसे ट्रकचालकाला त्याचे आसन असते. दिवसातील बराचसा काळ तो त्या एका जागी बसून काम करतो. आसन खचलेले असेल, तर पाठ दुखते. पाठ दुखू लागली की लक्ष रस्त्यावरून सरते आणि त्याचा धोका चालकाबरोबर रस्त्यावरील प्रत्येकाला असतो. म्हणूनच आसनाचे फाटके कापडी आवरण काढून त्या जागी चामड्याचे आवरण चढवणे ही केवळ सजावट नव्हे. हे काम कारागिराकडून करून घेता येते. थोडा धीर आणि नीट समज असेल, तर स्वतःही करता येते. ते कसे करावे आणि ते करताना काय ध्यानात घ्यावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कापड, रेक्झिन आणि चामडे यांतील फरक सांगता येईल;
• ‘कमावणे’ या क्रियापदाच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील;
• एखाद्या कामाची कृती क्रमाने वाचून तिच्यामागील कारणे समजून घेता येतील;
• श्रम आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधावर आपले मत मांडता येईल.

१. कापड, रेक्झिन की चामडे?

विणलेल्या कापडातून हवा खेळते. ते स्वस्त असते आणि उन्हात फारसे तापत नाही. परंतु घाम, धूळ, सांडलेला चहा आणि हाताचे वंगण ते शोषून घेते. चढता-उतरताना जी कड सतत घासली जाते, ती सर्वांत आधी विरते.

रेक्झिन हे मूळचे ब्रिटनमधील एका कृत्रिम चामड्याचे व्यापारी नाव. पुढे ते त्या प्रकारच्या सर्वच वस्तूंना चिकटले. आज आपल्याकडे ज्याला रेक्झिन म्हणतात, ते बहुधा कापडावर पीव्हीसीचा थर देऊन केलेले असते. त्यातून पाणी आत जात नाही. पण घामाची वाफही बाहेर पडत नाही.

चामडे हे तंतूंचे नैसर्गिक जाळे आहे. ते बळकट असते, अंगाच्या आकाराला हळूहळू जुळते आणि निगा राखल्यास दीर्घकाळ टिकते. मात्र ते महाग असते आणि उन्हात चांगलेच तापते. त्यामुळे प्रत्येक ट्रकला चामडेच योग्य, असे म्हणता येत नाही. भारत सरकारच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन आवश्यक ठरले. परंतु त्यापूर्वीच्या अनेक ट्रकांत ते नाही. अशा ट्रकमध्ये पाठ आणि मांड्या टेकतात तेवढा मधला भाग कापडाचा किंवा बारीक छिद्रे पाडलेल्या चामड्याचा ठेवावा आणि झिजणाऱ्या कडा साध्या चामड्याच्या कराव्यात. हा मध्यममार्ग खिशालाही परवडतो.

खरेदी करताना केवळ नावावर विश्वास ठेवू नये. तुकड्याची मागची बाजू पाहावी. चामड्याची मागची बाजू मऊ व तंतुमय असते, तर रेक्झिनच्या मागे विणलेले किंवा गुंफलेले कापड दिसते. कापलेली कडही पाहावी. कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर तेथे उघडा पडतो.

२. कातड्याचे चामडे

मराठीत कातडे आणि चामडे हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. तरी जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे आणि प्रक्रिया करून टिकाऊ केलेले ते चामडे, हा भेद उपयोगी आहे. या प्रक्रियेला मराठीत ‘कातडे कमावणे’ असे म्हणतात. पैसा कमावतात, व्यायामाने शरीर कमावतात, तसे कातडेही कमावतात. नुसते ठेवलेले कातडे सडते. कमावलेले कातडे टिकते. परंपरागत पद्धतीत त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे असे कमावले जाते. आजचे बहुतेक चामडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, कारण ती प्रक्रिया लवकर पूर्ण होते आणि चामडे मऊ राहते.

मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरु असा चेन्नईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ अनेक मराठी चालकांच्या परिचयाचा आहे. तमिळनाडूत हा रस्ता वाणियंबाडी आणि अंबूर या चामडे कमावणाऱ्या नगरांवरून जातो. याच भागातील पालार नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झाली. त्यासंबंधीच्या खटल्यात २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जो प्रदूषण करतो त्यानेच हानीची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व उचलून धरले. चामड्याची किंमत केवळ दुकानातील पावतीवर लिहिलेली नसते. म्हणून त्याचा तुकडाही वाया जाऊ न देणे हा या कामाचा पहिला नियम होय.

आणखी एक किंमत याहून जुनी आहे. ज्यांनी कातडी कमावली, गावाच्या वहाणा शिवल्या आणि विहिरीवरच्या मोटा सांधल्या, त्यांनाच गावाने शतकानुशतके अस्पृश्य मानले. त्यांच्या हातची मोट विहिरीत उतरत असे. त्यांच्या हाताला मात्र त्या विहिरीचे पाणी वर्ज्य होते. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कामाबद्दलचा तिरस्कार मात्र कायद्याने एका दिवसात जात नाही. ते काम स्वतः करून पाहिले, तर त्यामागचे कौशल्य उमगते.

पाठातील प्रश्न – १
(अ) रेक्झिन ओळखण्याच्या दोन खुणा सांगा.
(आ) वातानुकूलन नसलेल्या ट्रकमध्ये कोणता मध्यममार्ग सुचवला आहे? का?

३. जुने आवरण उतरवणे

काम सपाट जागेवर, ट्रकला हातब्रेक लावून आणि इंजिन बंद करून करावे. आसनाला विजेच्या तारा जोडलेल्या असल्यास आधी बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी. आसनात हवेचा दाब असेल, तर तो काढून टाकावा. मग तळाचे बोल्ट पान्याने सोडवून आसन केबिनबाहेर घ्यावे. बोल्ट आणि चकत्या एका डब्यात ठेवाव्यात. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. पुन्हा जोडताना त्याचाच आधार होतो.

आसन उलटे केले की आवरणाच्या कडा सांगाड्याला कशा बांधल्या आहेत ते दिसते. पायजम्याच्या नाडीसाठी जसा नेफा असतो, तसा आवरणाच्या आतल्या बाजूला नेफा शिवलेला असतो. त्यातून एक तार ओवलेली असते आणि ती तार छोट्या कड्यांनी फोममधील तारेला किंवा सांगाड्याला जखडलेली असते. या कड्या पकडीने कापाव्यात. नेफ्यातील तार मात्र जपून ठेवावी, कारण ती नव्या आवरणात पुन्हा घालायची असते.

आवरण निघाल्यावर फोम तपासावा. तो एका बाजूला खचला असेल, तर तेवढ्या भागात नवा फोम चिकटवून पातळी सारखी करावी. खचलेल्या फोमवर चढवलेले उत्तम चामडेही लवकरच सुरकुतते. पाठीचे दुखणेही तसेच राहते.

४. कापणी आणि शिवण

आता जुन्या आवरणाची शिवण उसवून त्याचे तुकडे वेगळे करावेत. त्याआधी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, डावा-उजवा आणि पुढचा-मागचा अशा खुणा कराव्यात. जोडावर दर चार बोटांवर एक आडवी रेघ मारावी. शिवताना या रेघा समोरासमोर आल्या की तुकडे योग्य जुळले असे समजावे. तुकडे जाड पुठ्ठ्यावर ठेवून त्यांचे साचे काढावेत. जुने कापड जेथे ताणले गेले असेल, तेथे उजव्या-डाव्या तुकड्यांची तुलना करून साचा दुरुस्त करावा. साचे बरोबर आहेत याची खात्री होण्यासाठी आधी एखाद्या जुन्या चादरीचे आवरण शिवून पाहावे. चादर चुकली तर फारसे बिघडत नाही. चामडे चुकले तर ते पुन्हा जोडता येत नाही.

सगळे चामडे सारखे नसते. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट असतो, तर पोटाकडचा भाग सैल असून अधिक ताणतो. म्हणून बसण्याचा भाग पाठीकडच्या चामड्यातून आणि कमी ताण येणारे बाजूंचे भाग उरलेल्यातून कापावेत. शिवणीसाठी सुमारे १२ मिलिमीटर कड सोडावी. तुकडे जुळवताना टाचण्या टोचू नयेत. कापडाचे छिद्र बुजते. चामड्याचे छिद्र कायम राहते. त्याऐवजी कागदाचे चिमटे वापरावेत. जेथे अनेक थर एकत्र येतात, तेथे रापीने आतली बाजू तासून कड पातळ करावी.

घरगुती शिलाई यंत्र जाड चामड्याच्या थरांपुढे सहसा टिकत नाही. जड कामाचे यंत्र मिळत नसेल, तर आरीने समान अंतरावर छिद्रे पाडून, मेण लावलेल्या मजबूत नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घालावी. या शिवणीत प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो. एक दोरा तुटला तरी दुसरा जोड धरून ठेवतो. टाके सुमारे ४ मिलिमीटरचे असावेत. फार जवळ घातलेले टाके शिवण मजबूत करत नाहीत. टपाल तिकिटांच्या कागदाप्रमाणे चामडे त्या छिद्रांच्या रेषेवरच फाटते.

शिवणीचा सराव नसेल, तर आपल्या ट्रकच्या आसनासाठी तयार शिवलेले आवरण आणून केवळ चढवण्याचे काम स्वतः करता येते.

५. नवे आवरण चढवणे

आवरण चढवण्यापूर्वी ते थोडा वेळ उन्हात ठेवावे. कोमट झालेले चामडे लवचीक होते. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद अंथरला, तर आवरण न अडकता सरकते. बसल्यावर तो कागद ओढून काढावा. प्रथम मधली खाच जुळवावी, तिच्यातील तार नव्या कड्यांनी जखडावी आणि नंतर मध्यापासून कडांकडे जावे. एक बाजू पूर्ण ओढून मग दुसरीकडे वळू नये. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या ताणाव्यात, म्हणजे शिवण सरळ राहते. राहिलेल्या किरकोळ सुरकुत्या वापराने बसतात. त्यांच्यासाठी आवरण बळाने ओढल्यास टाके उसवतात.

आसन परत बसवताना सर्व बोल्ट ठरलेल्या घट्टपणाने आवळावेत. आसन पुढे-मागे सरकवून त्याचा खटका पक्का लागतो की नाही, हे पाहावे. सुरक्षापट्ट्याचे कुलूप आवरणाखाली दबू देऊ नये. आसनाच्या कुशीत एअरबॅग असल्याची खूण दिसली, तर ते काम घरी करू नये. शिवणीने बंद झालेली एअरबॅग अपघाताच्या वेळी नीट उघडत नाही.

आवरणाची निगा साधी आहे. ओलसर फडक्याने धूळ पुसावी, डिझेल किंवा पेट्रोलने डाग काढू नयेत, ट्रक उभा असताना आसनावर ऊन येऊ देऊ नये आणि काही महिन्यांनी चामड्यासाठीचे मलम पातळ लावावे.

असे आवरण कारागिराच्या कामाइतके सफाईदार पहिल्या खेपेस होत नाही. एखादी शिवण किंचित तिरकी जाते. परंतु पुढे एखादा टाका उसवला, तर चालक मुक्कामाच्या ठिकाणी दाभण आणि दोरा घेऊन तो स्वतः घालू शकतो. आणि रस्त्याच्या कडेला वहाणा सांधणाऱ्या माणसापुढे तो उभा राहतो, तेव्हा त्या हातांची किंमत त्याला ठाऊक असते. कातड्याप्रमाणे कौशल्यही कमवावे लागते.

पाठातील प्रश्न – २
(अ) चामड्याचे तुकडे जुळवताना टाचण्या का वापरू नयेत?
(आ) फार जवळचे टाके शिवण दुबळी का करतात?

तुम्ही काय शिकलात
• आवरणाची निवड ट्रकचा वापर, हवामान आणि खर्च पाहून करावी.
• जुने आवरण हाच नव्या आवरणाचा साचा असतो. पण तो तपासून घ्यावा लागतो.
• सफाईपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची असते.
• चामड्याच्या वस्तूमागे निसर्गाची हानी आणि माणसांचे श्रम या दोहोंची किंमत असते.

स्वाध्याय
१. ‘कमावणे’ हे क्रियापद तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरून वाक्ये लिहा.
२. रापी, आरी, दाभण, नेफा, पक्कड : या शब्दांचा उपयोग पाठात कोठे झाला आहे ते शोधा. तुमच्या परिसरात या वस्तूंना कोणती नावे आहेत, ते लिहा.
३. ‘त्यांच्या हातची मोट विहिरीत उतरत असे, त्यांच्या हाताला मात्र त्या विहिरीचे पाणी वर्ज्य होते.’ या विधानातील विसंगती आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
४. तुम्हाला येत असलेल्या एखाद्या हाताच्या कामाची कृती क्रमाने लिहा. प्रत्येक पायरीचे कारण सांगा.