खोटी साक्ष देणारी मुलगी
(पाठ : निर्गम २०:१६, अनुवाद १९:१५-१९)

आर्थर मिलर ह्या अमेरिकन नाटककाराच्या १९५३ सालच्या ‘द क्रूसिबल’ नाटकात अबिगेल नावाची तरुण मुलगी आहे. पाळकाची ही भाची रानात नाचताना सापडते. शिक्षा चुकावी म्हणून ती प्रथम घरच्या दासीवर, तितुबावर, चेटकाचा आळ घेते. आणि आळ खपतो असे दिसताच, जिच्या नवऱ्यावर तिचे मन आहे त्या एलिझाबेथचे नाव घेते. न्यायसभेत तिची किंकाळी हाच पुरावा ठरतो. (आम्हांस न्यायाधीशांचा दोष मुलीहून मोठा वाटतो.) खरी अबिगेल १६९२ साली सेलम गावी सुमारे ११ वर्षांची होती. तेथे १९ जणांस फाशी झाली. आणि आरंभ पाळकाच्याच घरात झाला, हे आम्ही झाकू इच्छीत नाही.

आमच्या रत्नागिरीकडेही गाय आटली, मूल तापले, की ‘करणी कोणाची?’ हा प्रश्न कानी येतो. बोट एखाद्या निराधार विधवेकडे वळले, तर तिच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे, हे कोण विचारतो? मंत्राने जनावराचे दूध आटविले असा आळ घेऊन कोणाचे जिणे कठीण करणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. मोशेनेही दोन-तीन साक्षीदार मागितले, व साक्षीदाराचीच कसून चौकशी करावयास सांगितली.

म्हणून अशा घरी प्रार्थनेस बोलावणे आल्यास उपदेशक बंधूंनी आजाऱ्यास प्रथम दवाखान्यात पोहोचवावे, आणि नाव घेणाऱ्यास एकांतात विचारावे : तू स्वतः काय पाहिलेस?