भुताची गोष्ट हातात घेशील तेव्हा

मराठी गूढकथा झेपेल का आणि किती वेळ लागेल, असं विचारलंस ना बाळा? तुझी शाळा इंग्रजी माध्यमाची, जोडाक्षर आलं की तुझी गाडी अडते; तेव्हा शंका रास्त आहे. पण पुस्तकाच्या जाडीकडे बघून ठरवू नकोस.

आधी तुझा वेग काढ. मधलं एखादं पान उघड, मोबाइलवर एक मिनिट लाव आणि मोठ्याने वाच. जिथवर पोचशील तिथवरचे शब्द मोज. समजा शंभर झाले, तर चार हजार शब्दांच्या कथेला चाळीस मिनिटं. इंग्रजी कथा मनात वाचणारा मोठा माणूस सरासरी मिनिटाला २६० शब्द वाचतो म्हणतात. तो आकडा इथे लावू नकोस. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून शब्द कमी भरतात, पण लांब असतात. आलेल्या वेळात वर दहा मिनिटं धर. ती कशाला, ते पुढे सांगतो.

सुरुवात नारायण धारपांपासून कर (१९२५–२००८). रसायनशास्त्र शिकलेला माणूस, लिहिणं सरळ. त्यांच्या कथेत आधी भाड्याची खोली, नोकरी, बायको-मुलं असं आपल्यासारखंच सगळं चाललेलं असतं. तिथे तुला एकही शब्द विचारावा लागणार नाही. आणि त्याच भागात तू कंटाळून पानं उडवशील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. उडवू नकोस. कुठलं दार कुठे उघडतं, कुठली खोली कुलपात असते, हे त्याच पानांत येऊन गेलेलं असतं. ते निसटलं की शेवटाला भीती वाटत नाही, आणि मग म्हणशील, गोष्टच फुसकी.

मग रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). ‘खेकडा’ हा संग्रह वाचनालयात मिळेल. भाषा इथेही सोपी, पण खरी गोष्ट दोन ओळींच्या मधे असते. मतकरींची कथा वाचून झाली की पुस्तक लगेच मिटू नकोस, पहिलं पान पुन्हा काढ. आता तीच वाक्यं वेगळी दिसतील. वरची दहा मिनिटं त्यासाठी. एखादी गूढकथा अवघड की सोपी, हे मी असंच ठरवतो: मागे किती वेळा यावं लागलं?

कथा तोडू नकोस. एडगर ॲलन पो नावाचा अमेरिकन लेखक १८४२ मध्येच लिहून गेलाय की कथा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, एका बैठकीत संपावी. उठून चहा टाकलास, व्हॉट्सॲप बघितलंस, की जमलेली भीती विरते आणि पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागते. आपल्या विश्रांतवाडीत त्यातून लोहगावची विमानं. ऐन जिन्यावर पाऊल वाजायच्या वेळी डोक्यावरून एक घरघरत जातं. अशा वेळी बोट ओळीवर ठेव, आवाज जाऊ दे आणि तेच वाक्य परत घे. रात्री वाहतूक जरा निवली की बसावं हे उत्तम, पण दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा असेल तर नको.

जिथे अडशील तिथे मोठ्याने वाच. केंब्रिजचे एम. आर. जेम्स नाताळात मित्रांना आपल्या भुताच्या कथा स्वतः वाचून दाखवायचे, ते काही उगीच नाही. मोठ्याने वाचलं की वेळ जास्त लागतो, पण लांब शब्द आपोआप सुटा होतो आणि नजर पुढच्या ओळीवर पळत नाही. आजीला समोर बसव. तिने मधेच “मग?” विचारलं की समज, वेग बरोबर आहे.

फारच जड गेलं तर वेताळाच्या गोष्टी घे. ‘चांदोबा’ मासिकात विक्रम-वेताळ वाचतच आम्ही मोठे झालो. दोन-चार पानांत एक गोष्ट, शेवटी एक कोडं. रोज एकच घे आणि उत्तर वाचण्याआधी आपलं सांग. राजा बोलला की वेताळ परत झाडावर, त्यामुळे उद्याची सोय होतेच.

धारपांची ‘लुचाई’ मात्र सुट्टीसाठी ठेव. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली कादंबरी आहे ती, एका बैठकीत संपणारी नव्हे. माझ्या मते त्याला आळंदीहून माउलींची पालखी येते तो दिवस चांगला. दर्शन झालं की रस्ता बंद, कुठे जायचं नाही, बसायचं वाचत.

आणि वाचनालयाचं पुस्तक असेल तर शेवटचं पान आधी मला दाखव. कुणीतरी पेन्सिलीने शेवट फोडून ठेवलेला असतो. मी खोडून देतो, मग तू वाच.