प्लॅनर सजावटीचं किट: 920 रुपयांत सुरुवात, पण माल दमट होऊ देऊ नका

चिपळूणमध्ये घरबसल्या प्लॅनर आणि जर्नल सजवण्याचं सामान विकायचंय? मग काय घ्यायचं हे तर बघूच, पण पावसाळ्यात ते कसं सांभाळायचं हेही आज शिकून घ्या. वही-पेन हाती घ्या, हिशेब सोबतच करू.

किटमध्ये काय ठेवायचं?

1. वाशी टेप: नवी मुंबईच्या वाशीशी याचा काही संबंध नाही हं! जपानीत ‘वाशी’ म्हणजे जपानी कागद. ही टेप चिकटवून पुन्हा अलगद काढता येते, म्हणून नवशिक्यांना फार आवडते. घेताना हाताने फाडून बघा. सहज फाटली तर कागदी, ताणली गेली तर प्लॅस्टिकची.
2. स्टिकर शीट: फुलं-फुलपाखरं सगळेच विकतात. तुम्ही ‘लाइट बिल’, ‘भिशी’, ‘गणपतीची तयारी’ असे मराठी स्टिकर ठेवा.
3. काळं जेल पेन: आधी प्लॅनरच्याच कागदावर लिहून बघा. शाई पसरते का, मागे उमटते का?
4. खाकी कागदाचे टॅग: हे घरीच कापता येतात.

आता हिशेब (आकडे उदाहरणासाठी)

10 मीटरचा रोल 40 रुपयांना धरू. पाच डिझाइनचे पाच रोल घेतले की 200 रुपये. प्रत्येक रोलचे एकेक मीटरचे तुकडे पुठ्ठ्यावर गुंडाळले, की 10 किटची सोय झाली.

- टेप: 200
- स्टिकर शीट 20 × 15: 300
- पेन 10 × 20: 200
- टॅग: 100
- पॅकिंग: 120

एकूण 920. एक किट 150 रुपयांना विकलं, तर सातव्या किटला भांडवल वसूल. दहाही गेली तर 1500, म्हणजे हातात 580 राहतात. तुमची मेहनत यातच आली, कुरिअर वेगळं.

पण तीन किट दमट होऊन वाया गेली तर? विक्री 1050, शिल्लक फक्त 130! बघा, खरेदी तीच, मेहनतही तीच, पण कमाई गेली.

माल का बिघडतो?

कागद हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो. स्टिकर शीटच्या वरच्या आणि खालच्या थराला ओलावा सारखा लागत नाही, म्हणून कडा वळतात. एकदा वळलेली शीट गिऱ्हाईक घेत नाही.

उपाय

- घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे निळे दाणे गुलाबी झाले, की पुडी बदला.
- जून ते सप्टेंबर मोठी खरेदी नको. दहा विकली की पुढची दहा.
- डबा जमिनीवर ठेवू नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या मालाचं काय झालं, हे चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. घराला माळा किंवा वरचा मजला असेल, तर माल तिथेच.

आजचा गृहपाठ: एक स्टिकर शीट उघड्यावर आणि एक डब्यात, आठ दिवस ठेवा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. डब्याचा खर्च करायचा की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

भेटू पुढच्या धड्यात!