भुलेपूर्वीची सर्दी

हजीऱ्याच्या कारखान्यांत चाकरीस असलेल्या आम्हां मंडळींना शस्त्रक्रियेसाठी सुरत गाठावी लागते, आणि मुकर्रर झालेली तारीख हुकली की पुन्हा रजा व पुन्हा विम्याची मंजुरी यांचे शुक्लकाष्ठ मागे लागते. तेव्हा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेपूर्वी झालेली आमच्या मुलाची सर्दी आम्ही दडवली असावी, असा तर्क तिऱ्हाइताच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो सर्वस्वी खोटा आहे. केसपेपर लिहिणाऱ्या इसमास माझ्या पत्नीने माझ्यासमक्ष सांगितले होते की, मुलाचे नाक वाहते आहे आणि खोकला ओला आहे; त्यावर ‘टॉन्सिलच्या मुलांना हे असायचेच’ असे म्हणून त्याने पुढचा रकाना भरावयास घेतला.

टॉन्सिल निर्वेध निघाले, आणि घशातील नळी काढताच मुलाचा श्वास कोंडला. आत धावपळ उडाली. बऱ्याच वेळाने भूलतज्ज्ञ बाहेर आले, आणि मूल सुखरूप आहे हे सांगण्यापूर्वी त्यांनी भर व्हरांड्यात आम्हांलाच विचारले, ‘सर्दी होती, तर सांगितली का नाही?’ हिच्या तोंडून शब्द फुटेना. मी केसपेपर मागून पाहिला. सर्दीचा रकाना कोरा होता. ज्याच्या हाती मुलाचा श्वास सोपवायचा, त्याच्या कानापर्यंत आमचे सांगणे पोहोचावे अशी कोणतीही तजवीज त्या इमारतीत नव्हती, हे मला त्या क्षणी उमगले. केसपेपर लिहिणाऱ्यास कोणी एका शब्दाने विचारले नाही, हे मी विसरू शकत नाही.

असा श्वास का कोंडतो? अर्धवट शुद्धीत घशात रक्त वा लाळ उतरली की स्वरयंत्राच्या पट्ट्या आपोआप घट्ट मिटतात. सर्दीनंतर श्वासमार्ग काही आठवडे चिडखोर राहत असल्याने हे अधिक सहज घडते, आणि लहान मुलांच्या अंगी प्राणवायूचा साठा अल्प व खर्च मोठा असल्यामुळे ती पाहता पाहता निळी पडतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ९,२९७ मुलांची पाहणी झाली व ती २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सुमारे १५ टक्के मुलांना भुलेच्या वेळी श्वासाचा काही ना काही उपद्रव झाल्याचे आढळले, आणि चालू असलेली किंवा दोन आठवड्यांच्या आतील सर्दी, दमा व घरातील धूम्रपान यांनी धोका वाढतो, तर मुलांच्या भुलेत मुरलेला तज्ज्ञ असल्यास तो घटतो, असेही दिसले.

म्हणून भूलतज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट मागा, सर्दीची हकीकत त्यांनाच सांगा, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत कागदावर उतरवून घ्या. ताप, ओला खोकला वा छातीत घरघर असेल, तर तारीख पुढे ढकलण्याचा विषय तुम्हीच काढा. रजेची फिकीर नंतर करता येते. पर्थलाच टॉन्सिलच्या लहान मुलांना भुलेपूर्वी सालब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचा फवारा देऊन पाहिला, तेव्हा श्वासाचे असे उपद्रव सुमारे ४८ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले (२०१९). आपल्या मुलास तो हवा का, हे अवश्य विचारावे. उपाशी ठेवण्याचे नियम पाळावेत, मुलाला धीर द्यावा, हे तर कोणीही सांगेल.

मूल रात्री घोरत असेल आणि मध्येच त्याचा श्वास थांबत असेल, तर तेही सांगा, व शस्त्रक्रियेनंतरची रात्र देखरेखीखाली काढण्याचा आग्रह धरा. वेदनेसाठी कोडीन असलेले औषध मात्र देऊ देऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांखालील मुलांना ते २०१७ पासून वर्ज्य ठरविले आहे, कारण काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन झपाट्याने बनून श्वासच मंदावतो.

घरी निघताना भुलेच्या नोंदीची नक्कल लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचार-नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते. आम्हांस ती अनेक खेटे घातल्यावर मिळाली. परंतु पुढे कधी मुलाला पुन्हा भूल द्यावी लागली, तर त्या वेळच्या तज्ज्ञास या प्रसंगाचा दाखला हवाच, आणि तो आमच्या नुसत्या तोंडी सांगण्यावर मी आता सोडणार नाही.