पंखा चालू, तरी चटका का?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत भट्टीसमोर मोठे पंखे लावले आहेत. तरीही लोखंड ओतताना तोंड भाजून निघतं आणि मे महिन्यात तर पंख्याचं वारंच गरम लागतं. पंखे वाढवावेत का?
– एक वाचक, शिरोली (जि. कोल्हापूर)

उत्तर : आणखी चार पंखे लावलेत तरी तोंड भाजायचं थांबणार नाही. वितळलेलं लोखंड साधारण १४०० अंशांवर असतं आणि त्याची धग किरणांच्या रूपाने थेट तुमच्या अंगावर येते. वारा किरणांना अडवत नाही. सुरक्षित अंतरावर उभं राहून तोंडापुढे पुठ्ठा धरून पाहा. हवा होती तेवढीच गरम असते, पण चटका त्याच क्षणी थांबतो.

म्हणून पहिला खर्च आडोशावर करायचा. भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा उभा केला की तो बहुतेक किरण परत फिरवतो. गंजका लोखंडी पत्रा ते शोषून घेतो, स्वतः तापतो आणि थोड्या वेळाने तोच शेकू लागतो. अॅल्युमिनियमवर काजळी आणि वाळूची धूळ साचली की त्याचीही तीच गत. तेव्हा पत्रा पुसायचं काम कुणाचं, हे ठरवून द्या. (बसवताना नारळ फुटतो, फडकं मात्र कुणीच हातात घेत नाही.) ये-जा असते तिथे साखळ्यांचा पडदा लावा, लेडलवर झाकण ठेवा. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला एप्रन उपयोगी आहे, पण त्यात घाम वाळत नाही. ओतकाम संपलं की तो लगेच उतरवावा.

आता पंख्याचं. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. त्याहून गरम हवा अंगाला उष्णताच देते. घाम वाळतो, एवढाच फायदा. त्यामुळे पंखा बाहेरची हवा ओढून पाठीमागून किंवा बाजूने देईल असा बसवा. भट्टीपलीकडचा पंखा भट्टीचीच झळ तोंडावर आणतो.

गरम हवा जायला आढ्याशी फट हवी आणि गार हवा यायला खाली जाळी. ही जाळी मोल्डिंग बॉक्सच्या थप्पीमागे बुजलेली नाही ना, तेवढं बघा. छपराच्या पत्र्याला वरून पांढरा रंग द्या.

उष्ण प्रक्रिया कामाच्या जागेपासून वेगळी ठेवा, गरम भागांना उष्णतारोधक आवरण घाला, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १३ मध्येच सांगितलं होतं. मालकाकडे पंख्यांच्या आधी आडोसा मागा.