मधुमेह, यकृत आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या

शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मध्यंतरी मला एक बाटली दाखवली. त्यांना मधुमेह आहे आणि तपासणीत यकृतावर चरबी आढळली होती. बाटलीत जीवनसत्त्व ‘ई’च्या गोळ्या होत्या. त्यांनी विचारले, “मास्तर, या चालू केल्या तर पथ्य थोडे सैल केलेले चालेल ना?” मी डॉक्टर नव्हे. म्हणून घाईने उत्तर न देता वाचून दिले. तेच येथे मांडतो.

प्रथम मूळ कल्पना पाहू. तेल जुने झाले की हवेतील प्राणवायूमुळे खवट होते. पेशींतील स्निग्ध द्रव्यांचेही काहीसे असेच होते. ही क्रिया रोखणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक म्हणतात. जीवनसत्त्व ‘ई’ त्यांपैकी एक होय. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. अशा निम्म्याहून अधिक रोग्यांच्या यकृतात चरबी साठते. काहींच्या यकृतास पुढे सूज येते आणि कालांतराने ते कठीण बनते. तेव्हा ऑक्सिडीकरण रोखले की यकृत वाचेल, हा तर्क सयुक्तिक वाटतो. परंतु तर्काची परीक्षा प्रयोगानेच होते.

अमेरिकेतील एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. यकृतास सूज असलेल्या २४७ रोग्यांचे तीन गट केले होते. रोज ८०० एकक जीवनसत्त्व ‘ई’ ९६ आठवडे घेणाऱ्यांपैकी शेकडा ४३ जणांत सुधारणा दिसली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शेकडा १९. मात्र या प्रयोगात मधुमेही रोगी घेतलेच नव्हते! २०१९ साली १०५ मधुमेही रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात केवळ जीवनसत्त्व घेणाऱ्यांचा आकडा शेकडा ३१ आणि औषधाविना १९ होता. रोगी थोडे असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पायोग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाची जोड दिली तेव्हा मात्र आकडा ५४ झाला.

शिवाय गोळी निरुपद्रवी असतेच असे नाही. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील एका प्रयोगात, रोज ४०० एकक जीवनसत्त्व ‘ई’ घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग शेकडा १७ने अधिक आढळला. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. भाजीतली हळद खुशाल खावी. पण हळदीच्या वा हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृतासच इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

मग खात्रीचा उपाय कोणता? वजन अधिक असल्यास ते शेकडा ७ ते १० उतरवल्याने यकृताची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. ८० किलोच्या माणसाने सुमारे साडेपाच ते आठ किलो कमी करावयाचे. त्यासाठी बेताचा आहार, गोड पेयांना फाटा, रोजचे चालणे आणि मद्य वर्ज्य. वय, रक्तातील यकृताची दोन एन्झाइमे आणि प्लेटलेट यांवरून यकृत कितपत कठीण झाले असावे याचा अंदाज बांधता येतो. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण हा रोग पुष्कळ काळ काहीच लक्षण दाखवत नाही.

शेजाऱ्यांना मी एवढेच सांगितले, “बाटली डॉक्टरांना दाखवा, पथ्य मात्र सोडू नका.” न्यासाच्या सभासदांनाही माझे हेच सांगणे आहे. गोळी घ्यावी की नाही हे डॉक्टर ठरवतील. चालणे आणि पथ्य यांचा भार मात्र गोळीवर टाकता येणार नाही.