ऑनलाइन विक्रीपानाची तुलनात्मक चाचणी

बालाघाट जिल्ह्यातील सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा तांदूळ ऑनलाइन दुकानात ठेवणाऱ्या बचत गटापुढे प्रश्न येतो तो असा: विक्रीपानावर छायाचित्र शेताचे द्यावे की शिजलेल्या भाताचे?

शेताचे दोन तुकडे पाडून जुन्या व नव्या बियाण्याची पारख करतात, तीच रीत येथे योजावी. पानाचे दोन नमुने करावेत. फरक केवळ छायाचित्राचा असावा. किंमत, वजन व मजकूर तोच राहावा. कोणत्या ग्राहकास कोणता नमुना दिसावा, हे संगणकाने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवावे आणि दोन्ही एकाच काळात चालवावेत. एक नमुना दिवाळीपूर्वी व दुसरा नंतर दाखविल्यास मोजमाप छायाचित्राचे न होता सणाचे होते.

घाई मात्र नडते. समजा, प्रत्येकी २०० ग्राहकांपैकी एका नमुन्यावर ८ व दुसऱ्यावर ११ जणांनी खरेदी केली. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्यावर विसंबून नव्या छायाचित्राची हजारो पाकिटे छापल्यास गटाची बचत अडकून पडेल. किती ग्राहकांनंतर हिशेब करावयाचा, हे आरंभीच वहीत नोंदवावे. मध्येच आकडा अनुकूल दिसला तरी चाचणी थांबवू नये. ग्राहक थोडे असल्यास बारीकसारीक बदलांच्या चाचणीत वेळ दवडू नये.